जुन्या बायबलची मोफत प्रत ऑनलाइन सापडत नाही, तेव्हा नेमकं काय बिघडलेलं असतं

महिन्यातून एकदा तरी मला असा निरोप येतो. कधी चर्चच्या मंडळीतल्या एखाद्या तरुणाचा, कधी धर्मशास्त्र शिकणाऱ्या भाचीचा, कधी परदेशी गेलेल्या जुन्या मित्राचा. "मामा, ती लिंक उघडतच नाही." "दादा, सापडलं, पण हे तर आपलं नेहमीचंच बायबल निघालं." "पैसे मागतायत हो, द्यायचे का?"

तक्रारी वेगवेगळ्या असल्या तरी मूळ बहुतेक वेळा एकच असतं. आपण "जुनं बायबल" शोधत असतो आणि ग्रंथालयांनी त्या वस्तूला ते नाव दिलेलंच नसतं. म्हणून मी आधी विचारतो, तुम्हाला हवी असलेली प्रत कुठल्या गावात, कुठल्या ग्रंथालयात, कुठल्या क्रमांकाखाली ठेवलेली आहे? हे कळलं की अर्धं काम झालं. नाही कळलं तर रात्रभर शोधूनही ॲपच्या जाहिराती आणि विक्रेतेच समोर येतात.

एक अगदी साधी गोष्ट आधी सांगतो, कारण ती फार जणांना अडवते. या लेखातले आकडे मी देवनागरीत लिहिले आहेत, पण शोधताना ते इंग्रजी आकड्यांत टाका. युरोपातल्या बहुतेक सूच्यांना देवनागरी आकडे कळत नाहीत आणि "काही सापडलं नाही" असं कोरडं उत्तर येतं.

"गुटेनबर्ग बायबल टाकलं, ग्रंथालयाच्या सूचीत काहीच येत नाही"

हे पुस्तक, म्हणजे गुटेनबर्ग या मुद्रकाचं लॅटिन बायबल, १४५५च्या आसपास जर्मनीतल्या माइन्झला छापलं गेलं. त्याला मुखपृष्ठ नाही, छापणाऱ्याचं नाव नाही, सालही नाही. साल ठरवायला मोठा आधार आहे तो पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयातल्या कागदी प्रतीचा. माइन्झच्या हाइनरिख क्रेमर नावाच्या धर्मसेवकाने त्या प्रतीचं रंगकाम आणि बांधणी ऑगस्ट १४५६मध्ये पुरी केली आणि तशी नोंद तिच्यातच करून ठेवली. त्याने त्या दोन ओळी लिहिल्या नसत्या तर आज आपण बरंच अंधारात असतो.

तर सूचीत हे पुस्तक असतं "बिब्लिया लातिना" म्हणजे लॅटिन बायबल या नावाने. पण त्याच नावाची पंधराव्या शतकातली इतर छापील बायबलंही असतात, त्यामुळे नुसत्या नावाने गोंधळ वाढतो. इथे क्रमांक कामाला येतो. १५०१च्या आधी युरोपात छापलेल्या पुस्तकांची एक आंतरराष्ट्रीय सूची आहे, तिचं रोमन आद्याक्षरांतलं नाव आयएसटीसी. तिच्यात गुटेनबर्ग बायबलचा क्रमांक आहे आय, बी आणि पुढे सलग ००५२६०००. बर्लिनहून चालणाऱ्या जीडब्ल्यू या दुसऱ्या सूचीत त्याचा क्रमांक ४२०१. आयएसटीसीची नोंद उघडलीत की जगात कुठे कुठे प्रती आहेत आणि त्यातल्या कुठल्या ऑनलाइन आहेत, याची यादीच मिळते. एक दुवा मेला तर दुसरा, दुसरा अडला तर तिसरा. गटिंगेन विद्यापीठाची चर्मपत्रावरची प्रत, म्युनिकच्या बव्हेरियन राज्य ग्रंथालयाची, पॅरिसच्या ग्रंथालयाच्या गॅलिका या संग्रहातली, ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयाची, या सगळ्या मोफत पाहता येतात.

म्युनिकची प्रत मला विशेष प्रिय आहे. लाल शीर्षकं कुठे काय लिहायची, याची रंगकाम करणाऱ्यासाठी छापलेली यादी फक्त दोन प्रतींत टिकली, एक व्हिएन्नात आणि दुसरी इथे. छापखान्यातला माणूस हाताने रंगवणाऱ्याला सूचना देतोय, हे साडेपाचशे वर्षांनंतर आपण घरबसल्या वाचतो.

याच पुस्तकाबद्दल आणखी एक शंका वारंवार येते. "बेचाळीस ओळींचं बायबल म्हणतात, मी पहिल्या पानावर मोजल्या तर चाळीसच भरल्या. प्रत खोटी आहे का?" नाही. छपाई सुरू झाली तेव्हा सुरुवातीची काही पानं चाळीस ओळींची होती, मग एक पान एक्केचाळीसचं, आणि पुढे बेचाळीस कायम झाल्या. चाळीस दिसल्या तर उलट तुम्ही अगदी आरंभीची छपाई पाहताय.

"कोडेक्स व्हॅटिकानस उघडलं, पण पहिलं पान चौथ्या शतकातलं वाटत नाही"

तुमची नजर बरोबर आहे. व्हॅटिकन ग्रंथालयाचं हे हस्तलिखित चौथ्या शतकातलं आहे, पण त्याची सुरुवातीची पानं हरवली होती. उत्पत्तीच्या ४६व्या अध्यायापर्यंतचा भाग पंधराव्या शतकात दुसऱ्याच हाताने, दुसऱ्याच वळणाच्या अक्षरात भरून काढला आहे. शेवटीही तसंच. इब्री लोकांस पत्राच्या नवव्या अध्यायाच्या मध्यावर मूळ हात थांबतो आणि पुढचा मजकूर उशिराचा. म्हणजे पहिलं किंवा शेवटचं पान उघडणाऱ्या माणसाला दोन्हीकडे नवंच अक्षर दिसतं आणि तो "चुकीची फाइल" म्हणून बंद करतो. थेट १२३५व्या पानावर जा. तिथे मत्तय सुरू होतो, तीन स्तंभांत, मोठ्या अक्षरांत, शब्दांमध्ये जागा न सोडता.

या प्रतीपर्यंत पोचतानाच आधी घोळ होतो. "कोडेक्स व्हॅटिकानस" याचा अर्थ नुसता "व्हॅटिकनमधलं हस्तलिखित". तशी तिथे हजारो आहेत. याच नावाने ओळखलं जाणारं मेक्सिकोतलं जुनं चित्रलिखितसुद्धा आहे, आणि मला एकाने ते पाठवून विचारलं होतं की बायबलात ही चित्रं कसली. ग्रीक बायबलचा क्रमांक आहे व्हॅट. जीआर. १२०९, म्हणजे ग्रीक हस्तलिखितांतलं १२०९वं. व्हॅटिकन ग्रंथालयाच्या डिजिव्हॅटलिब या संग्रहात हाच क्रमांक टाका. चित्रांवर ग्रंथालयाची पुसट मोहोर दिसेल. ती असायचीच, त्यावरून तुमच्याकडे अपुरी प्रत आली असं समजू नका.

चौथ्या-पाचव्या शतकातल्या तीन मोठ्या ग्रीक प्रती ओळखायची एक सोपी खूण मी सगळ्यांना सांगतो: स्तंभ मोजा. एका पानावर चार स्तंभ असतील तर कोडेक्स सिनाइटिकस, तीन असतील तर व्हॅटिकानस, दोन असतील तर अलेक्झांड्रिनस. काव्याच्या पुस्तकांत, म्हणजे स्तोत्रसंहिता वगैरे, स्तंभ कमी होतात, म्हणून मोजणी शुभवर्तमानांत करा. एखाद्या चित्राखाली भलतंच नाव लिहिलं असेल तर एवढ्यावरून बहुतेक वेळा पकडता येतं.

"सिनाइटिकसमध्ये उत्पत्तीचा पहिला अध्याय कुठे आहे?"

तो नाही. या प्रतीतला जुन्या कराराचा जवळजवळ अर्धा भाग गेला आहे आणि उत्पत्तीचे फक्त तुकडे उरलेत. नवा करार मात्र पूर्ण आहे आणि पूर्ण नव्या कराराची ही सर्वांत जुनी हाती असलेली प्रत. संकेतस्थळ उघडल्यावर आधी फाटके तुकडे दिसतात आणि माणूस हिरमुसतो. पुस्तकांच्या यादीतून मत्तय किंवा योहान निवडा, मग खरी प्रत दिसेल.

हिची पानं आज चार ठिकाणी विभागलेली आहेत. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत ३४७ पानं, जर्मनीत लाइपझिगच्या विद्यापीठात ४३, काही तुकडे रशियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयात, आणि सिनाय पर्वताच्या पायथ्याशी संत कॅथरीनच्या मठात १९७५ साली सापडलेले अवशेष. १९३३ साली सोव्हिएत सरकारकडून एक लाख पौंडाला घेतलेला भाग तो लंडनचा. चारही मालकांनी एकत्र येऊन जुलै २००९मध्ये उरलेली सगळी पानं एकाच संकेतस्थळावर आणली. वाद असलेल्या चार घरांनी पुस्तक पुन्हा एकत्र लावलं, हे मला फार मोठं वाटतं.

वापरायला हे सर्वांत सोयीचं. डावीकडे पानाचं चित्र, बाजूला उतरवून काढलेला ग्रीक मजकूर, आणि मजकुरातल्या शब्दावर टिचकी मारली की चित्रात तो शब्द कुठे आहे ते दिसतं. प्रकाश बदलायचीही सोय आहे. तिरप्या प्रकाशात चर्मपत्राच्या सुरकुत्या आणि आखलेल्या रेघा उठून दिसतात. ग्रीक येत नसेल तरी हे एकदा करून पाहाच.

"दोन वर्षांपूर्वी चालत होती ती ब्रिटिश लायब्ररीची लिंक आता मेली आहे"

तुमच्या फोनचा दोष नाही. ऑक्टोबर २०२३च्या शेवटी ब्रिटिश लायब्ररीवर मोठा सायबर हल्ला झाला आणि त्यांचा हस्तलिखितांचा डिजिटल संग्रह बंद पडला. पुस्तकांत, लेखांत, विश्वकोशांत दिलेले शेकडो जुने पत्ते त्यामुळे कुठेच नेत नाहीत. हस्तलिखितं नंतर टप्प्याटप्प्याने परत येत गेली, पण नव्या पत्त्यांवर. म्हणून जुना पत्ता पुन्हा पुन्हा दाबून उपयोग नाही. लायब्ररीच्या सध्याच्या संकेतस्थळावर जाऊन डिजिटल हस्तलिखितांच्या विभागात क्रमांकाने शोधा. अलेक्झांड्रिनसचा नवा करार हवा असेल तर रॉयल एमएस १ डी ८, त्यातला ८ रोमन आकड्यात, म्हणजे व्ही आणि तीन आय. जुना करार त्याआधीच्या तीन खंडांत, ५ ते ७ मध्ये.

पुष्कळ जण इथे वेबॅक मशीन, म्हणजे संकेतस्थळांची जुनी रूपं साठवणारी सोय, सुचवतात. ते पानाचा मजकूर जपतं, पण हस्तलिखिताचं मोठं चित्र दाखवणारी खिडकी सहसा जपू शकत नाही. कारण ते चित्र एकसंध नसतं. शेकडो छोट्या चौकोनांत चिरलेलं असतं आणि तुम्ही जवळ जाल तसा एकेक चौकोन मागवला जातो. जुन्या पानावर फक्त रिकामी चौकट दिसते. तिथे वेळ घालवू नका.

चौकोनांचंच आणखी एक सांगतो. पान धूसर दिसतं म्हणून तक्रार येते तेव्हा बहुतेक वेळा नेट संथ असतं आणि बारीक चौकोन अजून यायचे असतात. थोडं थांबा. डेटा वाचवायची सोय किंवा जाहिराती अडवणारं काही चालू असेल तर तेवढ्यापुरतं बंद करा. तरी खिडकी अडकली तर पानावर निळी-लाल आयआयआयएफची खूण आहे का बघा. ग्रंथालयांनी चित्रं एकमेकांना उघडी ठेवायची ती एक सामायिक पद्धत. तिच्या मागे एक पत्ता असतो, त्याला मॅनिफेस्ट म्हणतात. तो उचलून मिराडोर नावाच्या मोफत दर्शकात टाकला की तेच हस्तलिखित दुसऱ्या खिडकीतून उघडतं. ग्रंथालयाची स्वतःची खिडकी बिघडलेली असली, तरी चित्रं साठवलेला सर्व्हर चालू असेल तर हा उपाय लागू पडतो.

अलेक्झांड्रिनसच्या बाबतीत अडलात तर मुन्स्टर विद्यापीठातल्या नव्या कराराच्या संशोधन संस्थेच्या ऑनलाइन हस्तलिखित-खोलीत जा. तिथे नव्या कराराच्या प्रत्येक ग्रीक हस्तलिखिताला क्रमांक आहे. सिनाइटिकस ०१, अलेक्झांड्रिनस ०२, व्हॅटिकानस ०३. कुठे चित्रं आहेत आणि कुठे नाहीत, हे तिथे पटकन कळतं. अमेरिकेतली सीएसएनटीएम ही संस्थाही २००२पासून जगभर फिरून ग्रीक हस्तलिखितांची छायाचित्रं काढते आणि मोफत दाखवते.

"१६११चं किंग जेम्स बायबल म्हणून उतरवलं, पण इंग्रजी तर सरळ वाचता येतंय"

ही सर्वांत जास्त वेळा होणारी चूक, आणि हिच्यामुळे माझेही पैसे गेले. एका विक्रेत्याकडून मी "१६११ची मूळ प्रत" म्हणून फाइल विकत घेतली. उघडली तर आत १८३३ साली ऑक्सफर्डला झालेलं पुनर्मुद्रण. ते प्रामाणिक काम आहे, मूळाची पानन्‌पान आणि शब्दन्‌शब्द नक्कल आहे, पण छपाईच्या साध्या रोमन खिळ्यांत. मूळ १६११चं पुस्तक जाड, काळ्या, गॉथिक वळणाच्या खिळ्यांत आहे. आणि तो १८३३चा ग्रंथ इंटरनेटवर मोफत होता.

याहून मोठा घोळ मजकुराचा. "किंग जेम्स १६११" असं लिहून जे ॲपमध्ये, संकेतस्थळांवर मिळतं, ते बहुधा १७६९ साली ऑक्सफर्डला बेंजामिन ब्लेनी यांनी स्पेलिंग आणि विरामचिन्हं सुधारून छापलेलं रूप असतं. तपासायला योहान ३:१६ उघडा. "प्रीती केली" या अर्थाच्या लव्हड या शब्दात मध्ये व्ही असेल तर मजकूर नंतरचा. १६११मध्ये तिथे यू आहे, आणि सन हा शब्द एस-ओ-एन-एन-ई असा लांबलचक लिहिलाय. दुसरी खूण, जुना आणि नवा करार यांच्यामध्ये अपॉक्रिफाची, म्हणजे काही पंथ शास्त्रात न धरणारी, पुस्तकं. ती नसतील तर ते मूळ पुस्तक नाही किंवा अपुरं आहे.

इंटरनेट अर्काइव्ह या मोफत डिजिटल ग्रंथालयात शोधताना मुद्रणाच्या सालापेक्षा पहिल्या दहा पानांवर विश्वास ठेवा. फाइल चढवणाऱ्याने साल १६११ लिहिलं म्हणून आतलं पुस्तक १६११चं होत नाही.

हीच नजर व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या "दीड हजार वर्षं जुनं बायबल सापडलं" या निरोपांना लावा. काळ्या चामड्यावर सोनेरी अक्षरांचा फोटो असतो, पण कुठलं ग्रंथालय, कुठला क्रमांक, काहीच नसतं. क्रमांक विचारा आणि उत्तर येईपर्यंत पुढे पाठवू नका.

इब्री प्रती हव्या असतील तर

थोडक्यात सांगतो, कारण इथे अडचणी कमी येतात. मृत समुद्राजवळ सापडलेली यशयाची मोठी गुंडाळी, सव्वासात मीटरहून लांब, ५४ स्तंभांची, जेरुसलेमच्या इस्राएल म्युझियमने गूगलच्या मदतीने २०११मध्ये ऑनलाइन आणली. उजवीकडून डावीकडे सरकवायची हे विसरलात तर थेट शेवटच्या अध्यायांत जाता. गुंडाळ्यांचे हजारो तुकडे लिऑन लेव्ही डिजिटल लायब्ररीत आहेत. अलेप्पो कोडेक्स दहाव्या शतकातला, पण त्यात पंचग्रंथ, म्हणजे पहिली पाच पुस्तकं, जवळपास नाहीच. पूर्ण इब्री जुना करार एकाच प्रतीत हवा तर सेंट पीटर्सबर्गचं, साधारण १००८चं, लेनिनग्राड कोडेक्स म्हणून ओळखलं जाणारं हस्तलिखित शोधा. इंटरनेट अर्काइव्हवर त्याची चित्रं आहेत.

"जुनं मराठी बायबल कुठेच सापडत नाही"

आता आपल्या घरच्या प्रश्नाकडे येतो. मला सगळ्यांत जास्त विचारला जातो तो हाच, आणि सगळ्यांत अवघडही हाच.

पहिली अडचण नावाची. मराठी लिहून शोधलं तर आजचंच भाषांतर येतं. जुन्या इंग्रजी सूच्यांत आपली भाषा "महरट्टा" आहे, म्हणजे एम-ए-एच-आर-ए-टी-टी-ए. कुठे शेवटी आय, कुठे मुराठी म्हणून एम-यू-आर-ए-टी-एच-डबल ई. मिशनरी विल्यम केरी यांनी बंगालमधल्या सेरामपूरहून मराठीत काम केलं. त्यांचं मराठी व्याकरण १८०५चं, नवा करार १८११चा. पंडित वैजनाथ शर्मा त्यांचे मराठीचे जाणकार होते, पण सूचीत ते नाव क्वचितच दिसतं. तर "महरट्टा", "सेरामपूर" आणि साल असं एकत्र टाकून शोधा. देवनागरीत शोधायचंच असेल तर येशू, येशु, यिशू, शुभवर्तमान, मंगलवर्तमान अशी सगळी रूपं आळीपाळीने करून पाहा. जुन्या देवनागरी खिळ्यांचं मशीन-वाचन फार चुकतं, त्यामुळे पुस्तकाच्या आतला मजकूर शोधून पुस्तक सापडेल अशी आशा ठेवू नका.

दुसरी अडचण लिपीची. सेरामपूरच्या छापखान्यात मराठीसाठी देवनागरीबरोबर मोडीचे खिळेही होते. पान उघडल्यावर ओळखू न येणारी सलग वळणदार अक्षरं दिसली, तर ते दुसऱ्या भाषेचं पुस्तक समजून बंद करू नका. आधी मोडी वाचणाऱ्या कुणाला तरी दाखवा.

तिसरी अडचण अशी की आपण काय शोधतोय हेच आपल्याला नेमकं माहीत नसतं. यावर एक फार चांगलं औषध आहे. ब्रिटिश अँड फॉरेन बायबल सोसायटीसाठी डार्लो आणि मूल या दोघांनी जगातल्या छापील शास्त्रांची सूची केली, १९०३ ते १९११ या काळात ती प्रसिद्ध झाली. ती स्वतः इंटरनेट अर्काइव्हवर मोफत आहे. परभाषांच्या खंडात मराठीचा भाग काढा. कुठल्या साली, कुठल्या गावी, कुठल्या लिपीत, किती भाग छापला, हे तिथे ओळीने मिळतं. आपल्याकडे शंकर गणेश दाते यांची १८०० ते १९३७ची मराठी ग्रंथसूची आहे, ती मोठ्या ग्रंथालयांत पाहायला मिळते. आधी या दोन्हींत बोट ठेवून नाव आणि साल लिहून घ्या, मग संगणकाकडे जा. मी उलटा क्रम करून पुष्कळ रात्री घालवल्या आहेत.

चौथी अडचण, नाव सापडतं पण पुस्तक उघडत नाही. हाथीट्रस्ट या अमेरिकी डिजिटल ग्रंथसंग्रहात "फक्त शोध" असं लिहून येतं. अमेरिकेबाहेर छापलेली, त्यातल्या त्यात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची आणि नंतरची पुस्तकं ते अमेरिकेबाहेरच्या वाचकाला बऱ्याचदा दाखवत नाहीत, मग ती आपल्या कायद्याने स्वामित्वहक्कातून मुक्त असली तरी. तेच पुस्तक गूगल बुक्सवर किंवा इंटरनेट अर्काइव्हवर असू शकतं, म्हणून तिथलं नाव-साल जसंच्या तसं उचलून इकडे शोधा. इंटरनेट अर्काइव्हवर "उसने घ्या" दिसलं तर गाळणीत (फिल्टरमध्ये) "नेहमी उपलब्ध" हा पर्याय लावा. तिथे डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाचा मोठा संग्रह आहे, पण नावं रोमनमध्ये आणि पुष्कळदा चुकीची. "मराठी", "न्यू टेस्टामेंट" असे शब्द टाकण्याऐवजी भाषा मराठी निवडून छपाईच्या सालांवरून चाळलंत तर जास्त हाती लागतं. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीचं ग्रंथ संजीवनी आणि राज्य मराठी विकास संस्थेने डिजिटल केलेली दोलामुद्रितं, म्हणजे छपाईच्या आरंभीच्या काळातली पुस्तकं, हीसुद्धा पाहायलाच हवीत.

गोव्याकडचे लोक विचारतात, सतराव्या शतकातलं मराठी बायबल म्हणतात ते कुठे आहे? ते बहुधा फादर थॉमस स्टीफन्स यांच्या क्रिस्तपुराणाबद्दल बोलत असतात. १६१६ साली रायतूरला छापलेला तो ओवीबद्ध ग्रंथ आहे, बायबलचं भाषांतर नाही. त्या पहिल्या छपाईची एकही प्रत आज ज्ञात नाही, म्हणून ती शोधून दमू नका. १९०७ साली मंगळूरला जोसेफ साल्ढाना यांनी रोमन लिपीत छापलेली आवृत्ती शोधा. देवनागरी हस्तलिखित लंडनच्या सोआस या विद्यापीठ-संस्थेतल्या मार्सडेन संग्रहात आहे.

पंडिता रमाबाईंचं भाषांतर मागणारेही पुष्कळ. मूळ इब्री आणि ग्रीकवरून, सोप्या मराठीत, केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये स्त्रियांनी खिळे जुळवून छापलेलं. बाई एप्रिल १९२२मध्ये गेल्या आणि संपूर्ण बायबल १९२४ला बाहेर आलं. भारतीय कायद्याने त्याचा हक्क केव्हाच संपला, त्यामुळे कुणी स्वामित्वहक्काचं कारण सांगून पैसे मागत असेल तर देऊ नका. आज मंडळ्यांत वाचलं जातं त्या बायबल सोसायटीच्या भाषांतराची गोष्ट वेगळी. ते नवं आहे, त्याला हक्क आहे, आणि त्याच्या चोरून केलेल्या फाइली मी कुणाला पाठवत नाही.

सापडलं की लगेच करायचं काम

पूर्ण फाइल उतरवून घ्या. ऑक्टोबर २०२४मध्ये इंटरनेट अर्काइव्हवर हल्ला झाला आणि ते काही दिवस बंदच होतं. तेव्हा ज्यांनी "नंतर वाचू" म्हणून नुसता पत्ता जपला होता, त्यांचं काम अडलं. फाइलच्या नावातच ग्रंथालय आणि क्रमांक लिहा. नुसतं "जुनं बायबल दोन" असं नाव ठेवलंत तर वर्षाने तुम्हालाही कळणार नाही काय आहे.

घरात आजी-आजोबांचं मुखपृष्ठ फाटलेलं शास्त्र असेल आणि ते कुठल्या सालचं हे ठरवायचं असेल, तरी हाच मार्ग. योहान ३:१६चं पान, मत्तयाचं पहिलं पान आणि पुस्तकाचं शेवटचं पान, यांचे उजेडात सरळ फोटो घ्या. देवासाठी, आत्म्यासाठी, बाप्तिस्म्यासाठी कुठले शब्द वापरलेत ते लिहून काढा. पानावर ओळी किती, स्तंभ किती ते मोजा. मग डार्लो-मूलच्या यादीतल्या एकेका सालाची ऑनलाइन प्रत काढून तेच पान शेजारी ठेवा. शब्द जुळतात आणि ओळी तुटतात त्याच जागी तुटल्या, तर छपाई तीच. जुळल्यावर साल, छापखाना आणि ज्या प्रतीशी जुळवलं तिचा क्रमांक एका कागदावर पेन्सिलीने लिहा आणि तो कागद आतल्या पुठ्ठ्याशी ठेवून द्या. चिकटपट्टी लावू नका, आणि शाई तर मुळीच नको.